शेगडी, पारा आणि पहारा

वैनगंगेच्या काठच्या या जिल्ह्यात घर उबदार ठेवण्याच्या विद्येवर बोलावयास उभे राहणे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. वैशाखात पारा 45 अंशांकडे धाव घेतो, आणि आपली सारी चिंता कूलरच्या टाकीतील पाण्याभोवती फिरत असते. परंतु आपल्या घरात एक खोली अशी होती की, जी भर उन्हाळ्यातसुद्धा आपण मुद्दाम तापवीत आलो. ती म्हणजे बाळंतिणीची खोली. खिडकीला गोणपाट, दाराला पडदा, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, आणि बाळाच्या अंगावर कुंची व दुपटे. युरोपात ज्याला गृहतापन म्हणतात, ते आपल्याकडे सव्वा महिन्यापुरते आणि एका खोलीपुरते होते.

त्या शेगडीवर लक्ष ठेवणारे यंत्र नव्हते. सुईण होती, आजी होती. आजी बाळाच्या तळपायाला हात लावून पाही. पाय गार लागला तर निखारे फुलवी, बाळाला घाम आला तर शेगडी दूर सारी. आजच्या भाषेत बोलावयाचे तर मापन, तुलना आणि कृती ही तिन्ही कामे त्या एका हाताने होत. या व्यवस्थेत दोषही होता. कोंडलेल्या खोलीत कोळशाचा विषारी वायू साचे. तो डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही. ऊब देणारी वस्तूच घात करू शकते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता हाताचे हे काम यंत्राकडे कसे गेले ते पाहू. गंमत अशी की, तापमान राखणारे यंत्र प्रथम जन्मले ते माणसाच्या खोलीसाठी नव्हे, अंड्यांसाठी. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनला राहणाऱ्या कॉर्नेलिस ड्रेबेल या डच कारागिराने अंडी उबविण्याची भट्टी केली. तिच्यात मद्यार्क आणि पारा भरलेली काचनळी होती. उष्णता वाढली की मद्यार्क फुगे, पारा वर चढे आणि त्यावरची दांडी भट्टीच्या हवेची वाट झाकून टाकी. आग मंदावली की पारा उतरे आणि वाट मोकळी होई. माणूस झोपला तरी भट्टी जागी राहू लागली.

दुसरे पाऊल भंडाऱ्याच्या माणसाला अगदी जवळचे आहे, कारण ते पितळेचे आहे. आपले गाव पितळी भांड्यांसाठी नावाजलेले. गावाचे नावही 'भाण' म्हणजे पितळी भांडे या शब्दाशी जोडण्याची परंपरा आहे. पितळ तापले की ते लोखंडाहून सुमारे दीडपट अधिक वाढते. जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीने अठराव्या शतकात पितळ आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकमेकींना जडवून एक जोडपट्टी केली. ऊन लागले की पितळेची बाजू अधिक लांबते आणि पट्टी वाकते. गारव्यात ती पुन्हा सरळ होते. हॅरिसनला ती समुद्रावरील घड्याळ बिनचूक चालण्यासाठी हवी होती. पुढे 1830 साली अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनज्ञाने अशाच पट्टीने गरम हवेची झडप उघडण्या-मिटण्याची योजना केली आणि तिला 'थर्मोस्टॅट' हे नाव दिले. आपण त्याला तापनियंत्रक म्हणू. आपल्या गुंडात आणि परातीत जो धातू आहे, त्याच्याच एका स्वभावधर्मावर ही सारी विद्या उभी राहिली.

यानंतर या यंत्राच्या दोन जाती झाल्या, आणि आमच्या मते हाच या इतिहासाचा गाभा आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात वॉरेन जॉन्सन नावाचे अध्यापक होते. खोल्या गार पडल्या की गरम, हे पाहावयास शाळेचा गडी वर्गावर्गातून फिरे आणि शिकविण्यात व्यत्यय येई. जॉन्सन यांनी वर्गात विजेचा तापदर्शक बसविला. तो तळघरातील गड्याला खोलीची अवस्था कळवी आणि झडप तो गडी फिरवी. 1883 साली त्यांना याचे पेटंट मिळाले. त्यानंतर दोनतीन वर्षांतच मिनियापोलिसच्या आल्बर्ट बट्झ यांनी असे यंत्र केले की, जे खोली गार होताच भट्टीची झडप आपणच उघडी. एक यंत्र सांगणारे, दुसरे करणारे. सांगणाऱ्या यंत्राला जागा माणूस लागतो. करणारे यंत्र माणसाला झोपण्याची मुभा देते.

आजचे 'स्मार्ट' तापनियंत्रक या दुसऱ्या जातीचे वंशज होत. थंड मुलखात जाऊन राहिलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना त्यांचा चांगला परिचय आहे. भिंतीवरचा नियंत्रक जिन्याजवळ असला तर तो जिन्याचेच तापमान जाणतो, आणि बाळाची खोली गारठून जाते. म्हणून आता खोलीखोलीत लहान तापसंवेदक ठेवतात, आणि रात्री कोणत्या संवेदकाचे ऐकावयाचे हे ठरवून देतात. सोय मोठी खरी. पण यंत्राला कळते ते फक्त संवेदक जेथे आहे तेथले, हे जुने सत्य त्यातही कायम आहे.

आता बाळाकडे परत येऊ. 1878 साली पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी तेथील प्राणिबागेत कोंबडीची अंडी उबविणारी यंत्रे पाहिली, आणि ती करणाऱ्या ओदिल मार्तें यांच्याकडूनच अपुऱ्या दिवसांच्या बालकांसाठी ऊबपेटी करविली. 1880 च्या सुमारास ती पॅरिसच्या प्रसूतिगृहात आली. दोन किलोहून कमी वजनाच्या बालकांत पूर्वी शेकडा 66 दगावत. ते प्रमाण 38 वर आले. पुढे 1958 साली न्यूयॉर्कचे डॉक्टर विल्यम सिल्व्हरमन यांनी असे सिद्ध केले की, पेटीचे तापमान थोड्याच अंशांनी वाढविले तर दर शंभरी सुमारे 15 बालके अधिक वाचतात. नवजात बालकाचे अंग 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस एवढे असावे. या एका अंशाच्या पट्ट्यात त्याचे जीवित असते.

आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात हे ज्ञान झोपडीपर्यंत गेले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने 39 खेड्यांतील स्त्रियांना नवजात बालकाचे वजन घेणे, तापमान मोजणे आणि त्याला उबदार झबल्यात व पिशवीत राखणे शिकविले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात बालकांचे मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, शेकडा 62 नी घटले. हा वृत्तान्त 1999 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला, आणि 2011 साली भारत सरकारने हीच घरभेटीची पद्धत देशभर स्वीकारली. आशाताईंच्या पिशवीतला तापमापक त्याच परंपरेतला. तो सांगणारा आहे. ऊब देण्याचे काम आईच्या छातीचे. बंगळूरच्या 'बेम्पू' या कंपनीने बाळाच्या मनगटासाठी केलेले कडे याच जातीचे: बाळ गार पडले की ते वाजते आणि आईला उठविते.

रुग्णालयातील ऊबयंत्र मात्र करणाऱ्या जातीचे असते. बालकाच्या कातडीला चिकटविलेला संवेदक तापमान सांगतो आणि वरचा तापक त्याप्रमाणे कमीजास्त होतो. तो संवेदक सुटून गादीवर पडला तर यंत्राला वाटते की बाळ गारठले, आणि ते अधिकच तापू लागते. म्हणून परिचारिकेने तो वारंवार पाहावा असा दंडक आहे.

9 जानेवारी 2021 च्या पहाटे आपल्या भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षास आग लागली. तेथे 17 बालके होती. 7 वाचविता आली, 10 गेली. त्यांतील बहुतेक धुराने गुदमरली. चौकशीनंतर असे जाहीर झाले की, ऊब देणाऱ्या यंत्राच्या नियंत्रण-भागात ठिणगी पडून ही आग लागली. त्या दहा घरांच्या दुःखावर भाष्य करण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण या व्याख्यानाचा विषय निवडताना ती पहाट आमच्या डोळ्यांपुढे होती, हे लपविण्याचे कारण नाही.

या घटनेतून कोणी असे अनुमान काढील की, यंत्रे नकोत, शेगडीच बरी. ते अनुमान चुकीचे आहे. शेगडीच्या काळात किती बालके गेली याची मोजदादही कोणी ठेवली नाही. पेटीने आणि तापमापकाने वाचविलेली लेकरे आज आपल्यात वावरत आहेत. योग्य अनुमान दुसरे आहे. ड्रेबेलपासून चारशे वर्षे माणूस उष्णतेवरचा पहारा यंत्राकडे सोपवीत आला, आणि ते रास्तच झाले. परंतु यंत्रावरचा पहारा कोणाकडे, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कारखान्यातून तयार होऊन येत नाही. ते गावाने, रुग्णालयाने आणि शासनाने द्यावयाचे असते. विजेच्या तारांची वेळच्या वेळी तपासणी, धूर ओळखणारी घंटा, बाहेर पडण्याची मोकळी वाट, आणि रात्री खोलीत जागे असलेले पुरेसे माणूसबळ, ही त्याची अंगे होत.

त्या आगीनंतर राज्यभरच्या रुग्णालयांच्या सुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. आदेश निघतात, वर्षे लोटतात, आणि विचारणारे कोणी नसले की कागद कपाटात जातो. आपल्या गावच्या प्रसूतिगृहाची तपासणी मागे केव्हा झाली, हे विचारण्याचा हक्क या सभागृहातील प्रत्येकास आहे. पूर्वी आजी रात्रीतून चार वेळा उठून बाळाचा पाय चाचपून पाही. आता तेवढ्याच नेमाने हा प्रश्न नागरिकांनी विचारीत राहावे, एवढीच आमची विनंती आहे.