पाव्यापासून सुरुंगापर्यंत

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील एखाद्या पाड्यावर विहीर खोदताना मुरूम संपून काळा पाषाण लागला, की ‘आता सुरुंग लावल्यावाचून गत्यंतर नाही’ असे सहज म्हटले जाते. परंतु खाणकामाच्या परिभाषेतील दोन सहस्र वर्षांचा आणि समुद्रापलीकडून आलेला एक शब्द आपल्या मुखी आहे, याची जाणीव बोलणाऱ्यालाही नसते आणि ऐकणाऱ्यालाही नसते.

ग्रीक भाषेत ‘सिरिंक्स’ म्हणजे मेंढपाळाचा पावा. पोकळ नळीच्या साम्यावरून तेच नाव वेढा घालणाऱ्या सैन्याने तटाखाली खणलेल्या मार्गाला मिळाले, आणि यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, संपर्कातून ते ‘सुरुङ्गा’ या रूपाने संस्कृतात रुजले, असे प्रतिपादन ऑटो स्टाइन या पंडिताने १९२५ साली केले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हा शब्द आढळतो. महाभारतात विदुराने धाडलेल्या खनकाने जतुगृहाखाली जो मार्ग खोदला आणि ज्यातून पांडव निसटले, तीही सुरुङ्गाच.

येथवर या शब्दात दारूचा कणही नाही. मुरबाडहून जुन्नरकडे चढणारा नाणेघाट पाहावा : कल्याण बंदराचा माल देशावर नेण्यासाठी सातवाहनकाळी कातळ फोडून सिद्ध केलेली ती वाट, जकातीचा म्हणून परंपरेने दाखविला जाणारा तो दगडी रांजण आणि राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख धारण करणारे ते लेणे, ही सारी मनुष्याच्या बाहुबलाची आणि पोलादी छिन्नीची निर्मिती होय. घाट चढून जुन्नरला पोहोचावे, तर तेथील लेण्यांच्या शिलालेखांत दाते म्हणून यवनांचीच नावे भेटतात.

पुढे बारूद आली आणि शब्दाचा अर्थ पालटला. १६६० साली शायिस्तेखानाने चाकणचा बुरूज सुरुंगाने उडवून फिरंगोजी नरसाळ्याचा कोट घेतला, तेव्हा जमिनीखालची पोकळी ही जाण्यायेण्याची वाट नव्हती. ती दारू ठासण्याची कोठी झाली होती. शहापूर तालुक्यातील कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढणारा थळ घाटाचा लोहमार्ग १८६५ साली खुला झाला. डायनामाइटचे पेटंट नोबेलने घेतले ते १८६७ साली. म्हणजे सदतिसास एक अशा चढणीचा हा मार्ग काढताना, पहारीने छिद्र पाडावे, त्यात दारू ठासावी, वातीला बत्ती द्यावी आणि दूर पळावे, हीच कामाची रीत होती. अशा छिद्रालाच मराठीत सुरुंग म्हणू लागले. आरपार मार्गाचा अर्थ ‘बोगदा’ या शब्दाने घेतला, गुप्त वाटेचा ‘भुयारा’ने, हिंदीत मात्र ‘सुरंग’ अद्याप आरपार मार्गालाही म्हणतात.

एखाद्याच्या बेताला सुरुंग लावला, असे आपण लिहितो, तेव्हा मनात विध्वंसच असतो. या दोन तालुक्यांत मात्र त्या शब्दाला निराळा अर्थ आहे. शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आले, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवरच्या स्त्रिया वैशाखात हंडे घेऊन दूरच्या झऱ्याकडे चालत आल्या. ज्या पाड्यावर सायंकाळी ठाकराचा पावा ऐकू येतो, तेथेच सकाळी विहिरीच्या तळाशी सुरुंग उडतो, आणि धूर विरताच काठावरची सारी माणसे खाली वाकून एकच गोष्ट पाहतात : फुटलेल्या कातळाच्या भेगेत ओल दिसते का.