अमळनेरचे फेलो

आमच्या धंद्यात अमळनेर हे नाव एकाच कारणाने माहीत असतं. १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजींनी तिथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला आणि त्या कारखान्याची पुढे विप्रो झाली. ऑफिसात मी जळगाव जिल्ह्यातला आहे असं सांगितलं की एखादा तरी विचारतोच, "म्हणजे अमळनेर? तुमच्याकडे शेअर होते का?" नव्हते. असते तर हा लेख शनिवारी रात्री जागून लिहावा लागला नसता.

त्या कारखान्याच्या एकोणतीस वर्षं आधी अमळनेरात आणखी एक संस्था निघाली होती, आणि मला तिचीच गोष्ट जास्त चक्रावून टाकते. १९१६ साली गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ, म्हणजे मोतीलाल माणेकचंद, यांनी तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. इंग्रजीत तिचं नाव 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फिलॉसॉफी'. बोरी नदीच्या काठचं गाव, सखाराम महाराजांची समाधी, सुरत-भुसावळ रेल्वेवरचं एक स्टेशन, आसपास कापसाची शेतं आणि गावात कापडाची गिरणी. जळगावचं मूळजी जेठा कॉलेज आणि अमळनेरचंच प्रताप कॉलेज, ही खान्देशातली दोन्ही जुनी कॉलेजं १९४५ सालची. म्हणजे ज्या गावच्या मुलाला बी.ए. करायला घर सोडावं लागत होतं, त्याच गावात बंगाल, सिंध, दक्षिणेकडून एम.ए. झालेली माणसं येऊन राहत होती. कशासाठी? तर विचार करण्यासाठी. आणि त्यांचा खर्च कापड विकून आलेल्या पैशातून चालला होता.

व्यवस्था साधी होती. फेलोला राहायला जागा, विद्यावेतन, हाताशी ग्रंथालय. परीक्षा नाही, शेवटी मिळणारी पदवीही नाही. वाचायचं, लिहायचं, लिहिलेलं इतरांपुढे मांडायचं आणि त्यांचे आक्षेप ऐकून घ्यायचे. १९२५पासून संस्थेने 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे इंग्रजी त्रैमासिक चालवलं. घनश्यामदास रतनमल मलकानी हे सिंधी गृहस्थ संस्थेचे संचालक आणि या त्रैमासिकाचे संपादक. हे नाव आज खान्देशातसुद्धा फारसं कुणाला आठवत नाही.

मला या सगळ्यात रस आला तो एका पुस्तकामुळे. १९३३ साली लंडनच्या ल्यूझॅक कंपनीने 'अज्ञान' नावाचा एक इंग्रजी ग्रंथ काढला. त्यावर लेखक म्हणून तीन नावं आहेत: मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती. विषय अद्वैतातला जुना, कटकटीचा. ब्रह्म एकच आणि ज्ञानस्वरूप असेल तर अज्ञान येतं कुठून आणि राहतं कुणात? मलकानी संचालक, दास आणि मूर्ती फेलो. तिघांनी एकाच प्रश्नावर आपापलं स्वतंत्र लिहिलं आणि ते एकाच बांधणीत छापलं. संचालकाचं नाव मार्गदर्शक म्हणून वर आणि बाकीच्यांची खाली, अशी ती मांडणी नाही. ज्या प्रश्नात धाकटे अडकलेले आहेत त्यातच थोरलाही अडकलेला आहे, आणि त्याचं लिखाण धाकट्यांच्या शेजारी तपासणीला ठेवलेलं आहे. आमच्याकडे नव्या पोराचा कोड सीनियर तपासतो. सीनियरचा कोड नव्या पोराने तपासावा असा नियम कागदावर असतो, पण चांगल्या टीममध्येच तो पाळला जातो. अमळनेरात तो पाळला गेला होता असं या पुस्तकाच्या रचनेवरून तरी दिसतं.

त्याच वर्षी अमळनेरला संचालक म्हणून कृष्णचंद्र भट्टाचार्य आले. विसाव्या शतकातल्या भारतीय तत्त्वज्ञानात याहून मोठं नाव शोधायला कष्ट पडतील. वय अठ्ठावन्न, हुगळीच्या सरकारी कॉलेजातून प्राचार्य म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा सर्वात अवघड ग्रंथ 'द सब्जेक्ट अॅज फ्रीडम' १९३०मध्ये छापला गेला तो अमळनेरच्या या संस्थेतर्फेच. कलकत्त्याच्या माणसाचं पुस्तक खान्देशातून निघालं. १९३३ ते १९३५ ते इथे होते आणि मग कलकत्ता विद्यापीठाने त्यांना पंचम जॉर्ज अध्यासनावर बोलावून घेतलं.

इथे कापसाचा धागा आणखी मागे जातो. तरुणपणी, १९०१ साली, भट्टाचार्यांना कलकत्ता विद्यापीठाची प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली होती. हे प्रेमचंद म्हणजे मुंबईचेच, राजाबाई टॉवरवाले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, मुंबईत भाव आभाळाला भिडले, त्या सट्ट्यात प्रेमचंद गब्बर झाले आणि त्यांनी कलकत्ता विद्यापीठाला २ लाख रुपये दिले. एका तत्त्वज्ञाच्या आयुष्याच्या सुरुवातीला कापसाचे सट्टेबाज आणि उत्तरार्धात कापडाचे गिरणीमालक. ज्या शेतकऱ्यांच्या घामाचा हा कापूस होता, त्यांच्या घरातून त्या काळी एकही फेलो आला नसावा, हेही सांगायला हवं.

आश्रयदात्याची आवडही उघड होती. प्रताप शेठ शांकर अद्वैताचे अभिमानी. संस्था निघाली ती त्याच ओढीतून. ज्याचा पैसा त्याचा विषय, हे आजच्या प्रायोजित प्रकल्पांना लागू आहे तसं तेव्हाही होतं. पण त्या कुंपणाच्या आत काय उगवलं? मूर्तींनी पुढे बनारसला जाऊन नाव केलं ते माध्यमिक बौद्धांवरच्या ग्रंथाने (१९५५). म्हणजे ज्या नागार्जुनाच्या सावलीपासून शंकराचार्यांना वाचवण्यात अद्वैत्यांच्या पिढ्या गेल्या, त्याच नागार्जुनावर. त्या ग्रंथात भट्टाचार्यांच्या विचाराची छाप अभ्यासक दाखवतात. रासविहारी दासही कलकत्त्याकडे परतले. विद्यावेतन खाऊन माणसं मिंधी झाली नाहीत, निदान या दोघांच्या बाबतीत तरी.

उणी बाजू मला दोन जागी दिसते. पदवी नसल्यामुळे अमळनेरच्या वर्षांना नोकरीच्या बाजारात किंमत मिळवायची तर विद्यापीठातच जावं लागे. मग माणसं येत, घडत आणि जात. दुसरं, जगाशी बोलणारं जे काम झालं ते इंग्रजीत, आणि गावाशी त्याचा संबंध बेताचाच राहिला.

गावाशी संबंध जोडणारा एक जण या मंदिरात आलाच होता, पण तो इथे टिकला नाही. पांडुरंग सदाशिव साने तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी अमळनेरला आले आणि १९२४ साली गावातल्याच हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहाची जबाबदारी घेतली, मुलांच्या खोल्या स्वतः झाडल्या आणि त्यांच्यासाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक रोज हाताने लिहून काढलं. १९३०मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. तत्त्वज्ञान मंदिराने एक संशोधक गमावला असं कुणी म्हणेल. मला मात्र ते हस्तलिखित दैनिक फार मोठं काम वाटतं. पन्नास-साठ पोरांसाठी रोज पानं भरायची, आणि ती वाचणार फक्त तीच पोरं.

अमळनेरहून धुळं पस्तीसेक किलोमीटर. तिथे याच काळात अगदी उलट प्रकार घडत होता. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांना ना गिरणीमालक होता, ना विद्यावेतन, ना फेलो. पदवी बी.ए.ची. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनं' बावीस खंडांत काढलेली, १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलेलं आणि मग तिथल्या मंडळींशी बिनसलेलं. शेवटी धुळ्यात मुक्काम. माणूस तापट, एकांडा, हाताने स्वयंपाक करून खाणारा. आजच्या भाषेत कुणी राजवाड्यांकडे पीएच.डी.ला नाव नोंदवलं असतं तर सहा महिन्यांत गाइड बदलून मागितला असता. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यात वारले तेव्हा मागे राहिली ती दप्तरं, टिपणं, शब्दांचे कागद.

पुढच्याच वर्षी भास्कर वामन भट आणि इतर धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ काढलं. भाषेच्या टिपणांचं काम कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांच्याकडे आलं. त्यांनी ती लावली, तपासली, आणि १९३७मध्ये 'राजवाडे मराठी धातुकोश', १९४२मध्ये 'नामादिशब्दव्युत्पत्तिकोश' धुळ्याहून प्रसिद्ध झाला. कुलकर्णी स्वतः भाषेचे मोठे अभ्यासक, त्यांचा स्वतःचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' १९४६चा. म्हणजे आधी त्यांनी दुसऱ्याचे दोन कोश मार्गी लावले. राजवाड्यांच्या कित्येक व्युत्पत्त्या ओढूनताणून आणलेल्या आहेत हे त्यांच्यासारख्याला दिसलं नसेल असं शक्यच नाही. तरी काम केलं. गुरूने शिष्याचा प्रबंध पुरा करून घ्यायचा हे आपण धरून चालतो. धुळ्यात हयात नसलेल्या माणसाचा प्रबंध दुसऱ्याने पुरा केला. १९५२मध्ये अमळनेरला मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष हेच कुलकर्णी.

खान्देशाला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १५ ऑगस्ट १९९० रोजी. त्याआधी आमची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. २०१८पासून त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. आता जळगावात बसून पीएच.डी. करता येते. पण इथे, आणि देशात सगळीकडेच, मार्गदर्शन ही नियमात बसवलेली गोष्ट झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे प्रोफेसरकडे एका वेळी आठ विद्यार्थी, असोसिएट प्रोफेसरकडे सहा, असिस्टंट प्रोफेसरकडे चार. २००९च्या नियमांनी प्रवेश परीक्षा आणि कोर्सवर्क आणलं. २०१६च्या नियमांनी शोधनिबंध छापणं सक्तीचं केलं, २०२२च्या नियमांनी ती सक्ती काढली. दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती सांगायची. निवृत्तीला तीन वर्षं उरली नसतील तर गाइडने नवा विद्यार्थी घ्यायचा नाही. उचलेगिरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अहवालात साम्य १० टक्क्यांच्या आत हवं.

हे नियम मला चेष्टेचे वाटत नाहीत. त्यातला प्रत्येक नियम कुणाच्या तरी छळामुळे किंवा कुणाच्या तरी लबाडीमुळे लिहिला गेला असणार. मलकानींच्या अमळनेरात तुम्ही संचालकांना आवडला नाहीत तर दाद कुठे मागायची होती? आणि संस्थेत कुणाला घ्यायचं हे ठरवताना जात, ओळख, इंग्रजी कुणी मोजली असेल? प्रवेश परीक्षा आणि आरक्षण यांमुळे जी मुलं आज संशोधनाच्या दारात उभी आहेत त्यांना प्रताप शेठच्या काळात फाटकातूनही आत घेतलं गेलं नसतं.

मात्र नियम जे मोजू शकतात तेच मोजतात. माझी ताई लग्न होऊन गेली तिकडे एका कॉलेजात शिकवते आणि तिकडच्याच एका विद्यापीठात तिची नोंदणी आहे. पगारी नोकरी, दोन मुलं, त्यात पीएच.डी. २०१८च्या नियमांनुसार तिच्याबिना असोसिएट प्रोफेसर होता येत नाही. तिचे मार्गदर्शक भला माणूस. आठही जागा भरलेल्या, शिवाय विभागाचं प्रशासन गळ्यात. सत्राचा अहवाल दर वेळी वेळेवर जातो, सही वेळेवर होते. चार वर्षांत तिच्या एखाद्या प्रकरणावर समोरासमोर बसून तासभर बोलणं झालं असं तीन वेळा घडलं. हे तिने मोजलेले आहेत, कारण तिसऱ्या वेळी सरांनी एक वाक्य खोडून विचारलं होतं, "हे तुम्हाला खरंच वाटतं, की असं म्हणायची पद्धत आहे म्हणून लिहिलंत?" त्या प्रश्नावर तिने सगळं तिसरं प्रकरण पुन्हा लिहिलं. साम्याचा अहवाल, तक्ते, समासाची मापं मी बघतो. तिथे माझा उपयोग होतो. सरांनी विचारला तसला प्रश्न मला विचारता येत नाही. मला तिचा विषयच कळत नाही.

भट्टाचार्य अमळनेरला दोन-अडीच वर्षं होते. त्यांच्याजवळ एकही फॉर्म भरायचा नव्हता, आणि हातात गिऱ्हाईक म्हणून मोजके फेलो. सकाळी आक्षेप सुचला तर तो घेऊन जायला ते गावातच होते. चांगला मार्गदर्शक म्हणजे काय याच्या व्याख्या आजकाल कार्यशाळांमध्ये स्लाइडवर दाखवतात. अंतर हा मुद्दा त्यात मी पाहिलेला नाही. फेलो आणि संचालक एकाच आवारात राहणं याला जो खर्च येतो तो आठ विद्यार्थ्यांच्या हिशोबात कुठेच धरलेला नाही. घर सांभाळून, एसटीने जाऊन-येऊन संशोधन करणाऱ्या शिक्षिकेला आवारात आणून ठेवणं शक्यही नाही, आणि प्रताप शेठच्या यादीत अशी शिक्षिका नव्हतीच.

१९७३पासून पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने 'इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' चालवलं, त्यावर अमळनेरच्या प्रताप तत्त्वज्ञान केंद्राचंही नाव होतं. मूळ त्रैमासिकाचा वारसा असा पुण्याला गेला.

ताईने यंदा वेगळंच काहीतरी सुरू केलंय. तिच्याच सरांकडच्या आणखी दोघींबरोबर दर गुरुवारी रात्री नऊ वाजता व्हिडिओ कॉल. एकीने दहा पानं आधी पाठवायची, दोघींनी फाडायची. तिघींचे विषय वेगवेगळे. मागच्या गुरुवारी मला फोन आला तो अकराला, आवाज चढलेला. "अरे, त्या दोघींनी माझं चौथं प्रकरण पार मोडीत काढलं." मग जेवलास का विचारलं, आणि शेवटी म्हणाली, "सरांना पुढच्या वेळी बसवते कॉलवर. येतो म्हणालेत."