फिलिपिनो पदवीची टिंगल

30 सप्टेंबर 2007 रोजी अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवरील ‘डेस्परेट हाउसवाइव्ह्ज’ मालिकेत सुझन हे पात्र डॉक्टरांकडे त्यांची प्रमाणपत्रे पाहायला मागते. ती फिलिपिन्समधल्या कुठल्यातरी वैद्यकीय महाविद्यालयाची तर नाहीत ना, याची तिला खात्री हवी असते. एका वाक्याचा हा विनोद फिलिपिनो समाजाच्या जिव्हारी लागला, आणि तो राग रास्तच होता.

मनिलाच्या सांतो तोमास विद्यापीठात 1871 पासून वैद्यकशास्त्र शिकवले जाते. पुढे अमेरिकी राजवटीत फिलिपिन्समधले परिचारिका-शिक्षण अमेरिकी धर्तीवर, इंग्रजीतून उभे राहिले. 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर तर अमेरिकी रुग्णालयांनी फिलिपिनो डॉक्टरांना आणि परिचारिकांना मोठ्या संख्येने कामावर घेतले. परदेशी पदवीधर डॉक्टरला अमेरिकेत परवाना परीक्षा देऊन, सहसा पुन्हा प्रशिक्षण घेऊनच स्वतंत्रपणे रुग्ण तपासता येतो. रात्रपाळीत सलाईन लावणाऱ्या, वेळेवर औषध देणाऱ्या माणसांच्याच शिक्षणाची ही थट्टा होती.

निषेधाच्या ऑनलाइन निवेदनावर हजारो सह्या झाल्या. फिलिपिन्स सरकारनेही तीव्र नाराजी व्यक्त केली. वाहिनीने माफी मागितली आणि ते वाक्य नंतर मालिकेतून काढून टाकण्यात आले.