ईमेलमधील दूरस्थ चित्रे

ईमेलमधील दूरस्थ चित्रे म्हणजे संदेशासोबत न पाठवता अन्य सर्व्हरवर ठेवलेली व संदेश उघडताना आंतरजालावरून आणली जाणारी चित्रे होत. ती आपोआप दाखवावीत की वाचकाच्या अनुमतीपर्यंत रोखावीत, हे ईमेल सेवेच्या डीफॉल्ट सेटिंगवर अवलंबून असते. अनेक वापरकर्ते ही सेटिंग कधीच बदलत नाहीत. त्यामुळे तिचा खाजगीपणावर थेट परिणाम होतो.

कार्यपद्धती

चित्र मागविताना वाचकाचे यंत्र संबंधित सर्व्हरशी संपर्क साधते. त्यातून संदेश उघडल्याची वेळ, आयपी पत्ता आणि त्यावरून ढोबळ ठिकाण सर्व्हरला कळते. प्रत्येक प्राप्तकर्त्यासाठी चित्राचा दुवा वेगळा ठेवल्यास कोणाचा संदेश उघडला गेला, हेही समजते. यासाठी एक पिक्सेल आकाराचे, डोळ्यांना न दिसणारे चित्र वापरले जाते. संदेशातच जोडलेल्या चित्रांना असा संपर्क लागत नाही. मात्र संदेशाचा आकार वाढतो.

सेटिंगचे प्रकार

रोखणे : आउटलुकच्या २००३ च्या आवृत्तीपासून दूरस्थ चित्रे मूलतः रोखली जाऊ लागली. थंडरबर्डमध्येही तसेच असून विश्वासू प्रेषकांना सूट देता येते. ही पद्धत सुरक्षित असली, तरी संदेश अपुरा दिसतो आणि विचार न करता अनुमती देण्याची सवय जडू शकते.

मध्यस्थ सर्व्हर : जीमेलने डिसेंबर २०१३ मध्ये चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत आपोआप दाखविण्यास प्रारंभ केला. यात वाचकाचा आयपी पत्ता लपतो. परंतु वेगळ्या दुव्यामुळे संदेश उघडल्याचे प्रेषकाला कळू शकते.

आगाऊ उतरविणे : ॲपलने २०२१ मध्ये आणलेल्या सुविधेत, ती स्वीकारणाऱ्यांच्या संदेशातील चित्रे संदेश वाचला जावो वा न जावो, पार्श्वभूमीवर उतरविली जातात. त्यामुळे संदेश खरोखर वाचला गेला की नाही, याचा अंदाज विश्वसनीय राहत नाही.

सुरक्षितता

२०१८ मध्ये उघड झालेल्या ‘ईफेल’ या त्रुटीत दूरस्थ चित्राच्या दुव्यातून कूटबद्ध ईमेलचा उलगडलेला मजकूर बाहेर नेता येत असल्याचे संशोधकांनी दाखविले. प्रश्न केवळ जाहिरातदारांपुरता नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

उपयुक्तता

गडचिरोली व चंद्रपूर या वनव्याप्त जिल्ह्यांतील दुर्गम गावांसारख्या ठिकाणी, जेथे आंतरजाल मंद असते, तेथे चित्रे रोखल्याने डेटा व वेळ वाचतो. मात्र परीक्षेची तारीख किंवा अर्जाची मुदत केवळ चित्रात दिलेली असल्यास ती वाचकापर्यंत पोहोचत नाही. दृष्टिहीनांसाठीच्या वाचक-प्रणालीलाही चित्रातील अक्षरे सहसा वाचता येत नाहीत. म्हणून महत्त्वाची माहिती मजकुरात देणे आणि चित्राला पर्यायी वर्णन जोडणे इष्ट ठरते.

भारतातील कायदेशीर संदर्भ

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. या पीठात नागपूरचे न्या. शरद बोबडे यांचा समावेश होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार घ्यावयाची संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण व निःसंदिग्ध असावी लागते. न दिसणाऱ्या चित्राद्वारे वाचकाच्या नकळत माहिती गोळा करणे या कसोटीशी विसंगत ठरते.