ट्यूलिप : घरातील लागवड

ट्यूलिप : (फार्सी लालेह, तुर्की लाले, लॅ. ट्यूलिपा, कुल–लिलिएसी). कंदयुक्त, बहुवर्षायू ओषधी. वंशातील जातींची संख्या निरनिराळ्या वर्गीकरणांनुसार सु. ७५ ते १०० मानतात. मूलस्थान मध्य आशियातील तिएन शान व पामीर पर्वतांचा प्रदेश. तेथून पश्चिमेस इराण, तुर्कस्तान व दक्षिण यूरोपपर्यंत प्रसार. कडाक्याचा हिवाळा, अल्पकाळ टिकणारा ओला वसंत आणि कोरडा उन्हाळा या ऋतुक्रमाशी ही वनस्पती जुळलेली आहे. घरात ती फुलवायची म्हणजे हा क्रम कृत्रिम रीतीने तिच्या वाट्याला आणून द्यायचा. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे याच तंत्राचा विचार केला आहे.

इतिहास : ऑटोमन साम्राज्यात ट्यूलिपला मोठा मान होता, सुलतान तिसरा अहमद याच्या कारकीर्दीतील १७१८–३० हा काळ ‘लाले देवरी’ (ट्यूलिपचे युग) म्हणून ओळखला जातो. यूरोपात फूल प्रथम कोणी नेले याविषयी एकमत नाही. कॉनराड गेस्नर यांनी १५५९ मध्ये आउग्जबुर्ग येथे पाहिलेल्या ट्यूलिपचे वर्णन केले. कारोलस क्लूसियस १५९३ मध्ये लायडन येथे आले व त्यांनी लावलेले कंद पुढील वर्षी तेथे फुलले. कंदांच्या सट्टेबाजीचा फुगा फेब्रुवारी १६३७ मध्ये फुटला. त्याच्या आर्थिक परिणामांच्या व्याप्तीबाबत इतिहासकारांत मतभेद आहेत. त्या काळी अमूल्य ठरलेले पाकळ्यांवरील पट्टे मावा किडीमार्फत पसरणाऱ्या विषाणूमुळे उमटत, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले.

कंदाची रचना : कंदावर तपकिरी, कागदासारखे पातळ आवरण असते. आत अन्नसाठा (मुख्यतः स्टार्च) असलेले मांसल खवले, तळाशी चकतीसारखे आखूड खोड व मध्यभागी अग्रकलिका असते. खवल्यांच्या बगलेत उपकंद वाढतात. मातृकंद दरवर्षी संपूर्ण खर्ची पडतो आणि त्याची जागा उपकंद घेतात. म्हणून ‘तोच कंद पुन्हा फुलला’ हे म्हणणे शास्त्रीय दृष्ट्या बरोबर नाही. घरातील लागवडीसाठी १२ सेंमी. किंवा अधिक घेराचा, घट्ट व वजनदार कंद निवडतात. लहान कंदाला बहुधा एकच पान येते, फूल येत नाही.

तापमान व फुलणे : नेदर्लंड्समधील वाखेनिंगेन येथे ए. एच. ब्लाऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. कंद जमिनीतून काढल्यानंतर, कोरड्या साठवणीत सु. १७°–२०° से. तापमानास त्याच्या आत आधी पाने व मग फूल तयार होते. परिदले, केसरदले व शेवटी किंजमंडल या क्रमाने ही घडण होते. किंजमंडल दिसू लागले की त्या टप्प्यास व्यवसायात ‘जी अवस्था’ म्हणतात. नमुन्याचा कंद उभा चिरून भिंगाखाली ती तपासतात. या अवस्थेपूर्वी कंद थंडीत ठेवल्यास फूल विकृत होते किंवा येतच नाही.

म्हणजे बाजारातून आणलेल्या चांगल्या कंदात फूल आधीच घडलेले असते. थंडीमुळे फूल ‘तयार’ होत नाही; थंडीमुळे दांडा वाढण्याची क्षमता येते. गारव्यात स्टार्चचे शर्करेत रूपांतर होते आणि वृद्धिनियंत्रक द्रव्यांना पेशींकडून मिळणारा प्रतिसाद बदलतो. थंडी अपुरी पडल्यास दांडा आखूड राहून कळी पानांतच अडकते व सुकते. प्रमाणाबाहेर झाल्यास दांडा लांबट व लेचापेचा होतो.

शीतन : ५°–९° से. तापमानात १२ ते १६ आठवडे. घरी दोन पद्धती रूढ आहेत. (१) कुंडीत लावून शीतन : लावलेली कुंडी थंड, अंधाऱ्या जागी ओलसर ठेवतात, या काळात मुळे भरतात. (२) कोरडे शीतन : कंद कागदी किंवा जाळीच्या पिशवीत घालून प्रशीतकात (फ्रिजमध्ये) ठेवतात व नंतर लावतात. उष्ण प्रदेशांत दुसरी पद्धती सोयीची ठरते. हवाबंद प्लॅस्टिक पिशवीत कंद कुजतात. कंदांशेजारी सफरचंद, केळी यांसारखी पिकणारी फळे ठेवू नयेत. त्यांतून सुटणाऱ्या एथिलीन वायूने आतील कळी मरते. बाहेरून कंद निरोगी दिसत असल्याने कारण सहसा लक्षात येत नाही.

कुंडीतील लागवड : निचरा होणारे मिश्रण (माती, वाळू व पानांचे कुजलेले खत किंवा कोकोपीट) वापरतात. १५ सेंमी. व्यासाच्या कुंडीत ५–७ कंद, एकमेकांस न चिकटवता, टोक वर करून व जेमतेम झाकले जाईल असे बसवितात. कंदाची सपाट बाजू कुंडीच्या कडेकडे ठेवावी. पहिले मोठे पान त्या बाजूस येते व कुंडी भरीव दिसते. कंदात अन्नसाठा असल्याने खताची फारशी गरज नसते.

कोंब ३–५ सेंमी. झाले की कुंडी प्रथम १०°–१५° से. तापमानात मंद उजेडात व नंतर सु. १५°–१८° से. तापमानात भरपूर उजेडात आणतात. साधारणपणे ३–४ आठवड्यांत फूल येते. उबेत फूल उघडते व गारव्यात मिटते. त्यामुळे रात्री कुंडी थंड खोलीत हलविल्यास बहर अधिक दिवस टिकतो.

पाण्यावरील लागवड : शीतन झालेले कंद, तळ पाण्यास जेमतेम टेकेल अशा रीतीने काचेच्या भांड्यात ठेवतात. नेदर्लंड्समध्ये फुलदाणीसाठीच्या ट्यूलिपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन याच तत्त्वावर होते.

रोग व विकृती : फ्यूजेरियममुळे कंद कुजतो, असा कंद स्वतःही एथिलीन सोडत असल्याने शेजारच्या कंदांनाही बाधा होते. बोट्रायटिस ट्यूलिपी या कवकामुळे पाने भाजल्यासारखी दिसतात. दांडा अचानक पाणथळ होऊन मोडणे ही कॅल्शियमच्या कमतरतेची विकृती असून दमट, कोंदट हवेत ती वाढते. कंद हाताळणाऱ्यांच्या बोटांना त्यातील ट्यूलिपालीन द्रव्यामुळे त्वचादाह होतो. मांजरे व कुत्री यांना कंद विषारी आहे.

प्रकार : उद्यानविद्येत दीर्घकाळ १५ गट मानले गेले. अकाली बहरासाठी ट्रायंफ व एकेरी लवकर फुलणारे गट प्रचारात आहेत, उदा., स्ट्राँग गोल्ड (पिवळा), ख्रिसमस मार्व्हल (गुलाबी). शुद्ध निळा ट्यूलिप नाही.

बहरानंतर : फूल खुडून पाने पिवळी पडेपर्यंत पाणी देत राहिल्यास उपकंद पोसतात. घरात फुलविलेल्या कंदापासून पुढील वर्षी फूल मिळण्याची खात्री नसते. व्यापारी उत्पादक असे कंद टाकून देतात.

भारत : काश्मीरमध्ये मातीच्या छपरांवर ट्यूलिप वाढत असल्याच्या नोंदी आहेत. श्रीनगर येथील झबरवान पर्वताच्या पायथ्याचे इंदिरा गांधी स्मृती ट्यूलिप उद्यान २००७ मध्ये खुले झाले. महाराष्ट्रात, महाबळेश्वर धरून, कोठेही सलग तीन महिने आवश्यक थंडी पडत नाही. येथे शीतन केलेला कंदच लावावा लागतो व दरवर्षी नवा घ्यावा लागतो.