कांचघरचे एक व्हायोलिन आणि त्याचा भाव

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी जबलपूरच्या मराठी माणसांचा काहीएक इतिहास लिहून द्यावा, अशी आज्ञा चिटणिसांकडून झाली. १८१७ च्या डिसेंबरात नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथून उठला, तेथपासून आरंभ करावा असा त्यांचा मानस दिसला. परंतु तो इतिहास आमच्याहून अधिकारी लेखणीची वाट पाहात आहे. आम्ही केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतून आयुष्यभर खरेदीची बिले तपासली. तेव्हा एका खरेदीचाच इतिहास सांगणे आम्हांस अधिक साधेल. ती खरेदी एका व्हायोलिनची असून १९९८ साली कांचघर चौकापासून हाकेच्या अंतरावरील एका जुन्या सामानाच्या दुकानात झाली.

व्हायोलिन हे वाद्य परके, हे खरे. पण त्याचे आपल्याकडील वय थोडे नाही. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितरांनी ते अठराव्या-एकोणिसाव्या शतकांच्या संधिकाळी कर्नाटक संगीतात आणले. तंजावरच्या आपल्या सरफोजीराजे भोसल्यांच्या दरबारी जे चार नामांकित बंधू होते, त्यांतील वडिवेलु याने त्यावर असे प्रभुत्व मिळविले, की पुढे त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ साली त्यास हस्तिदंती व्हायोलिन बक्षीस दिले. म्हणजे मराठी सिंहासनाच्या सावलीत वाढलेल्या वादकाच्या हाती ते शोभून गेले होते. आपल्या बाजूस गजाननबुवा जोशी, गोव्याचे श्रीधर पार्सेकर आणि विष्णु गोविंद जोग यांनी त्यास हिंदुस्थानी रागदारीचे स्वतंत्र वाद्य म्हणून मान मिळवून दिला. आम्हां जबलपूरकरांना तर मैहर हाकेवर. सरोदासाठी कीर्ती पावलेले बाबा अल्लाउद्दीन खाँ व्हायोलिनही वाजवीत, आणि जोगांनाही त्यांचे मार्गदर्शन लाभले होते.

जबलपुरात जुनी विलायती वाद्ये का सापडत, याचे उत्तर आमच्या मते रेल्वेच्या वेळापत्रकात आहे. १८७० साली मुंबईकडून आलेली जी. आय. पी. आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन हे दोन लोहमार्ग येथेच एकमेकांस मिळाले. त्याबरोबर छावणी, रेल्वेच्या वसाहती, १९०४ पासून गन कॅरेज फॅक्टरी, आणि या सर्वांबरोबर अँग्लो-इंडियन कुटुंबे आली. त्यांच्या दिवाणखान्यात पियानो असे, भिंतीवर व्हायोलिन असे. स्वातंत्र्यानंतर ती कुटुंबे एकेक करून ऑस्ट्रेलियास, इंग्लंडास निघून गेली. जहाजात पियानो जात नाही. दुकानदारांना दिवस चांगले आले.

आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, फॅक्टरीत नोकरीस होते. त्यांच्यापाशीही असे एक व्हायोलिन होते. १९७९ साली ताईचे लग्न ठरले, आणि खर्चाचा मेळ बसेना तेव्हा ते त्यांनी विकले. आम्ही तेव्हा नऊ वर्षांचे. पेटी धरून उभे राहण्याचे काम आमच्याकडे होते. विकत घेणाऱ्याने बॅटरीच्या उजेडात आत डोकावून, "चिठ्ठी नकली आहे," असे सांगितले. मग बाजूचा जोड सुटल्याचे दाखविले. मग खुंट्या घसरतात, गजाचे केस झडले, असे एकामागून एक दोष मोजून त्याने १२० रुपये पुढे केले. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी पैसे मोजलेसुद्धा नाहीत.

नोकरीत स्थिरावल्यावर अण्णांना दुसरे व्हायोलिन आणून द्यावे, असे आमच्या मनाने घेतले. कांचघरच्या त्या दुकानात शिवणयंत्रे आणि पितळी समया यांच्यामध्ये एक टांगलेले दिसले. दुकानदाराने ४,५०० रुपये सांगितले. "असली इटली का है, साहब," हे वर. आम्हीही बॅटरी घेऊनच गेलो होतो. आत चिठ्ठी होती: अँटोनियस स्ट्रॅडिव्हेरियस, क्रेमोना, १७२१. तिच्याखाली बारीक अक्षरांत छापले होते, मेड इन जर्मनी.

येथे थोडा खुलासा करणे अवश्य आहे, कारण अशी चिठ्ठी वाचकांपैकी कित्येकांच्या घरच्या व्हायोलिनातही असेल, आणि ती पाहून कोणी हुरळून जाऊ नये. क्रेमोनाचा तो थोर कारागीर १७३७ साली वारला. त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या पुढे लाखांनी छापल्या गेल्या. मुख्यतः जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात, मार्कनॉयकिर्खेन नावाच्या गावी. आरंभी त्यांचा अर्थ 'या नमुन्यावरून बनविलेले' एवढाच होता. १८८७ च्या ब्रिटिश कायद्याने आणि १८९० च्या अमेरिकन जकात कायद्याने परदेशी मालावर देशाचे नाव घालणे भाग पडले, आणि म्हणून चिठ्ठीवर जर्मनी आली. ज्या व्हायोलिनावर ती आहे ते त्यानंतरचे, हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही.

त्या गावची हकीकत मोठी उद्बोधक आहे. तेथे एका घरी व्हायोलिनची नुसती मान आणि तिचे वेटोळे कोरीत, दुसऱ्या घरी वरची-खालची फळी, तिसऱ्या घरी जुळवणी. माल उचलणारा व्यापारी वेगळा. व्यापार इतका वाढला, की त्या लहानशा गावी अमेरिकेने १८९३ साली आपली वकिलात-कचेरी उघडली. व्यापाऱ्यांनी हवेल्या बांधल्या. कोरणाऱ्यांची घरे होती तशीच राहिली.

आम्ही मेड इन जर्मनीवर बोट ठेवले. दुकानदार डगमगला नाही. "तो जर्मनी का समझ लीजिए, माल तो विलायती है," असे म्हणून तो ३,२०० वर आला. मग आम्ही बाजूचा सुटलेला जोड दाखविला. खुंट्या फिरवून दाखविल्या. गजाचे केस मोजण्याइतके उरले होते, तेही दाखविले. सरकारी खरेदीत तीन दरपत्रके मागवून सर्वांत खालचे घ्यावे, एवढे सोपे असते. येथे दुसरा विक्रेता नाही, दुसरी तशी वस्तू नाही. अशा वेळी गिऱ्हाइकाच्या हाती एकच हत्यार उरते, ते म्हणजे पायऱ्या उतरणे. आम्ही दोनदा उतरलो. पेटी आणि गजासह १,६०० रुपयांवर सौदा तुटला.

पावती लिहिताना दुकानदार मोकळा झाला. एका वृद्ध रेल्वेवाल्याच्या विधवेकडून त्याने ते घेतले होते. ती मुलांकडे ऑस्ट्रेलियास गेली. किती दिले, असे विचारता त्याने २५० सांगितले, आणि तेही काहीशा अभिमानाने. आम्हीही तितक्याच अभिमानाने घरी आलो.

या धंद्याचा इतिहास पुढे वाचनात आला, तेव्हा आम्हांस जाणवले की तो दुकानदार मोठ्या परंपरेतला होता. लुइजी तारिझिओ हा मूळचा इटलीतील एक साधा माणूस. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो खेडोपाडी, मठांतून हिंडे. अडगळीतले जुने व्हायोलिन घेई आणि बदली नवे, चकचकीत देई. देणारा खूश, घेणारा त्याहून खूश. ती वाद्ये तो पॅरिसला नेऊन विकी. १८५४ साली तो मिलानच्या एका माळ्यावरील खोलीत मृत सापडला. वार्ता लागताच पॅरिसचा प्रसिद्ध कारागीर-व्यापारी व्हुइयोम याने इटली गाठली, आणि तारिझिओच्या शेतकरी नातलगांकडून सुमारे दीडशे वाद्ये ८०,००० फ्रँकच्या आसपास उचलली. त्यांत स्ट्रॅडिव्हेरियसची दोन डझन होती. ऑक्सफर्डच्या संग्रहालयात काचेआड असलेले 'मसीहा' हे १७१६ सालचे व्हायोलिन त्यांतलेच. ठकविणाराचे वारसही अखेर अशा रीतीने ठकविले गेले, असे कोणी म्हणेल. परंतु त्या नातलगांना ती रक्कम थोडी वाटली असेल असे आम्हांस वाटत नाही. न्यूयॉर्क आणि लंडन येथून चालणाऱ्या आजच्या एका बड्या लिलावसंस्थेने आपले नावच तारिझिओ ठेवले आहे.

आमच्या चिठ्ठीवरच्या १७२१ या सालाचे खरे व्हायोलिनही जगात आहे. ते व्हुइयोमने १८६० च्या दशकात कवी बायरनची नात लेडी अ‍ॅन ब्लंट हिला २६० पौंडांस विकले. हीच बाई पुढे १८८३-८४ साली पतीसह हिंदुस्थान पाहून गेली. ते वाद्य १९७१ साली लंडनच्या लिलावात ८४,००० पौंडांस गेले आणि २०११ साली जपानच्या भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी ९८ लाख पौंडांस. लाकूड तेच, तारा तेवढ्या बदललेल्या. या रकमा ऐकून डोळे फिरतात, आणि मोठमोठ्यांचेही फिरले. व्हिएन्नाच्या एका जगप्रसिद्ध विक्रेत्यास अशाच व्यवहारांतील फसवणुकीपायी २०१२ साली सहा वर्षांची सजा झाली.

असो. त्या संध्याकाळी आम्ही अण्णांपुढे पेटी उघडली आणि भाव कसा पाडला ते रंगवून सांगू लागलो. चिठ्ठी, जोड, खुंट्या, गजाचे केस, अशी यादी तोंडातून निघत असता आमच्या ध्यानी आले, की ही यादी आपण पूर्वी ऐकली आहे, याच क्रमाने ऐकली आहे. आम्ही थांबलो. अण्णांनी व्हायोलिन उचलून फिरवून पाहिले. आतली ती लहानशी लाकडी दांडी, जिला फ्रेंच लोक वाद्याचा आत्मा म्हणतात, ती सरळ उभी आहे की नाही ते पाहिले. आपण किती दिले, हे त्यांनी विचारले नाही.

"विकणाऱ्या बाईंना काय मिळाले?"

"अडीचशे."

ते काही बोलले नाहीत. १९७९ चे १२० आणि नव्वदीतले २५० यांत महागाई धरता अधिक कोणते, हा हिशेब आम्ही मनाशी केला; तो येथे मांडीत नाही, वाचकांना तो करता येईल. दुसऱ्या रविवारी अण्णांच्या सांगण्यावरून आम्ही पुन्हा कांचघरला गेलो आणि त्या बाईंचा पत्ता मागितला. दुकानदाराने आमच्याकडे असे पाहिले, की जणू आम्ही माल परत करावयास आलो आहोत. पत्ता त्याच्यापाशी नव्हता.

जोड एका सुताराकडून सरसाने बसवून घेतला. खुंट्या खडूने रोखल्या. गजास नवे केस मात्र मुंबईहून आणवावे लागले. पुढे अकरा वर्षे अण्णा रोज संध्याकाळी वाजवीत. बहुधा भूप, कधी यमन. ते २००९ साली गेले. व्हायोलिन आता आमच्या कन्येपाशी आहे, आणि पेटीच्या कप्प्यात ती पावतीही आहे. पुढच्या बाजूस १,६०० चा आकडा दुकानदाराच्या हातचा. मागच्या बाजूस पेन्सिलीने, अण्णांच्या अक्षरात, एकाखाली एक दोन आकडे लिहिले आहेत: १२०, २५०. खाली रेघ ओढली आहे; बेरीज केलेली नाही.