छापील व डिजिटल वाचन (ठाणे, कल्याण-डोंबिवली)

मराठीच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांची वाचनाची दोन माध्यमे. ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरात माध्यमाची निवड आवडीइतकीच पुस्तकाच्या वयावर ठरते : जुने ग्रंथ पडद्यावर विनामूल्य मिळतात, नव्यांसाठी बहुधा ग्रंथालय गाठावे लागते.

ग्रंथालये : कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने स्थापन झाले. तेथील अनेक जुनी पुस्तके डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात स्कॅन झाली. त्यामुळे ग्रंथालयाबाहेर न जाणारी ‘स्थळप्रत’ त्याच शिक्क्यासह आता इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावर कोठूनही उघडता येते. ठाण्याचेच ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने ई-पुस्तके मोफत वितरित करते.

स्वामित्वहक्क : भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. भावे १९२६ मध्ये निवर्तले. त्यामुळे त्यांचा ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा वाङ्मयेतिहास मुक्त आहे. त्याच ग्रंथाला पुढे जोडलेली शं. गो. तुळपुळे (मृत्यू १९९४) यांची पुरवणी मात्र मुक्त नाही. साठोत्तरी व समकालीन साहित्याचीही बव्हंशी हीच स्थिती आहे.

मर्यादा : जुन्या पुस्तकांचे स्कॅन म्हणजे पानांची छायाचित्रे, त्यांत अक्षरओळखीशिवाय शब्द शोधता येत नाही. अक्षरओळख करणारी प्रणाली पुसट छपाईत जोडाक्षरे व रफार चुकवते. युनिकोडपूर्व फॉन्टमधील पीडीएफमधून उतारा घेतल्यास निरर्थक चिन्हे उमटतात. छापील प्रतीत समासातील खुणा व पृष्ठांकाचा संदर्भ सोपा. पण दुर्मिळ आवृत्ती हाती येणे अवघड.

आकलन : डेलगादो व सहकारी संशोधकांनी २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो, वेळेचे बंधन असल्यास हा फरक वाढतो, कथनपर मजकुरात तो आढळत नाही, असे त्यात दिसले. हा निष्कर्ष मराठीच्या विद्यार्थ्याला लावल्यास कादंबरी पडद्यावर वाचून फारसे बिघडत नाही. समीक्षा, भाषाविज्ञान व वाङ्मयेतिहास मात्र छापील प्रतीतून वाचणे हिताचे. अडचण अशी, की जुने वाङ्मयेतिहास सहज मिळतात ते पडद्यावरच. अशा वेळी आवश्यक प्रकरणे छापून घेणे किंवा वहीत टिपणे घेत सावकाश वाचणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो.